झटापटीतली ताकद : तरुण चढाईपटूंच्या खेळाचा एक आढावा

कबड्डीच्या मैदानाभोवती जमलेली माणसे एखाद्या चढाईपटूला ‘ताकदीचा गडी’ म्हणतात तेव्हा त्यांची नजर बहुधा त्याच्या मांड्यांवर आणि खांद्यांवर असते. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण, खेड, गुहागर, देवरूख, लांजा, राजापूर यांपैकी कुठल्याही बाजूची स्पर्धा घ्या. भरल्या अंगाचा पोरगा मध्यरेषेवर आला की ‘हा दोघांना घेऊन येणार’ अशी कुजबुज सुरू होते. सडसडीत पोराला बाहेरून ‘बोनस घे रे’ एवढेच ओरडून सांगितले जाते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी झालेली ही वाटणी पुढे त्या पोराच्या खेळाला चिकटून बसते. एकाला सगळी कारकीर्द ओढायला लावतात, दुसऱ्याला निसटायला. मला ही वाटणी मुळातच चुकीची वाटते. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून जे चढाईपटू आपल्यासमोर आले, त्यांचे खेळ शेजारी-शेजारी ठेवून पाहिले तर ती टिकत नाही.

ताकदीची चढाई अंगापिंडावरून ओळखायची नसते. बचावाचा हात चढाईपटूला लागला, नियमांच्या भाषेत झटापट सुरू झाली, की तिथून मध्यरेषा गाठेपर्यंत तो जे करतो त्यात ती दिसते. त्याआधीचे सगळे, म्हणजे पायांची हालचाल, हुलकावणी, हात टाकणे, बोटाने गडी टिपणे, हे कौशल्याचे आणि नजरेचे काम आहे. ते महत्त्वाचे आहेच, पण ताकदीची परीक्षा तिथे होत नाही. आणि झटापटीतली ताकदही एका प्रकारची नसते.

आधी मैदानाचे हिशेब पाहू, कारण पुढचे बरेच काही त्यावर उभे आहे. वरिष्ठ पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिच्यापुढे एका मीटरवर बोनस रेषा आणि साडेसहा मीटरवर अंतिम रेषा. कोपऱ्यातला गडी टिपायचा तर चढाईपटूला जवळपास पाच मीटर आत जावे लागते आणि पकड झाल्यास तेवढेच परत यावे लागते. पण हे अंतर पूर्णपणे पायांनी कापायचे नसते. मध्यरेषेला बोट टेकले तरी पुरते. सहा फुटी माणूस हात ताणून पुढे झेपावला तर पायांपासून बोटांपर्यंत सव्वादोन मीटरहून जास्त पोचतो. म्हणजे परतीचे जवळपास अर्धे अंतर त्याची उंचीच कापते. साडेपाच फुटी पोराचा हात त्याच्यापेक्षा वीतभर मागे राहतो. कबड्डीत वीतभर म्हणजे एक गुण आणि एक गडी. वजनाचा फायदा मात्र नियमाने बांधलेला आहे. वरिष्ठ पुरुषांत ८५ किलोची मर्यादा असते आणि कुमार-किशोर गटांत त्याहून कमी. रग्बीत किंवा बर्फावरच्या हॉकीत शंभर किलोचा आघाडीपटू समोरच्याला नुसत्या अंगाने बाजूला सारू शकतो. आपल्या खेळात ती मुभाच नाही. इथे मुद्दा किती किलो, हा नसून त्या किलोंचा वापर कुठल्या दिशेने होतो, हा आहे.

या दिशेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा खेळाडू २०१८ च्या सहाव्या हंगामात यू मुम्बाकडून पहिल्यांदा प्रो कबड्डीत उतरला आणि त्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण घेतले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाख रुपयांना घेतले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. लोकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हटले आणि नेमक्या त्या नावाने त्याचा खेळ झाकला गेला. सिद्धार्थची चढाई नीट पाहा. तो ताठ उभा राहून लांब पावले टाकत सरळ खोलवर जातो, हात लांब टाकतो आणि पकड बसताच वळण्यात वेळ न घालवता आपले सगळे अंग मध्यरेषेकडे लोटून देतो. त्याची ताकद एकाच रेषेत काम करते. बचावपटू त्याला डावीकडे-उजवीकडे खेचत असतात आणि तो मात्र पुढे पडत असतो. उंची, लांब हात आणि पडण्याची हिंमत या तिन्हींचा तो खेळ आहे. आपल्याकडची पोरे त्याचे आत जाणे उचलतात, ती छाती काढून टाकलेली पावले उचलतात. पडणे कोणी उचलत नाही, कारण पडणे शिकवावे लागते.

मनिंदर सिंग हा पंजाबचा चढाईपटू वरवर त्याच जातकुळीचा वाटतो, पण त्याचे यंत्र वेगळे आहे. २०१४ च्या विजेत्या जयपूर संघात तो होता. मग काही वर्षे तो या मंचावर दिसला नाही, २०१७ मध्ये बंगालकडून परतला आणि २०१९ मध्ये बंगालने विजेतेपद मिळवले तेव्हा कर्णधार होता. मनिंदरची ताकद हातांच्या पल्ल्यात नसून कमरेत आणि मांडीत आहे. पकड बसली की तो आखूड, जड पावले टाकतो, बुड खाली ठेवतो आणि अंगावरच्या दोघांना घेऊन एक-एक पाऊल सरकतो. सिद्धार्थला थांबवायचे तर तो पुढे झेपावण्याआधी पाय उचलावा लागतो. मनिंदरला थांबवायचे तर तिसऱ्या गड्याने वेळेवर यावे लागते. दोघेही ‘ताकदीचे’, पण एकाला घोटा पकड भारी पडते आणि दुसऱ्याला साखळी. प्रशिक्षकाने पोराला नुसते ‘सिद्धार्थसारखा खेळ’ म्हणण्याआधी त्याचे हात लांब आहेत की मांडी जड आहे, एवढे तरी पाहावे.

इथे एक निरीक्षण नोंदवतो, ते मला या सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी वाटते. झटापटीत तगणारे चढाईपटू कुठून येतात, याचा नकाशा काढला तर तो बऱ्याच प्रमाणात कुस्तीच्या नकाशावर बसतो. कोल्हापूर-सांगलीच्या तालमी, हरियाणाचे आखाडे. पंजाबात वर्तुळातली कबड्डी आहे. तिथे चढाईपटूला एकट्या बचावपटूशी उघड अंगझटीला जावे लागते. देशाबाहेर पाहिले तर इराण. कुस्ती तिथल्या लोकांच्या रक्तात आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी भारतीय पुरुषांना उपांत्य फेरीत आणि महिलांना अंतिम फेरीत हरवले, ते डावपेचांच्या जोरावर तर होतेच, पण पकड सुटू न देण्याच्या सवयीवरही होते. फझल अत्राचली आणि मोहम्मदरझा शादलू यांच्या पकडी पाहताना ही सवय डोळ्यांत भरते. कुस्ती खेळलेल्या पोराला एक गोष्ट आपोआप येते. परक्या हाताचा जोर अंगावर आला की तो दचकत नाही. कोणी कंबर धरली तर कुठल्या बाजूचा हात ढिला आहे हे त्याच्या पाठीला कळते. चढाईपटूचे निम्मे काम इथेच होते.

सह्याद्रीच्या या बाजूला ती परंपरा तेवढी खोल नाही. कोकणात व्यायामशाळा होत्या, आहेत. मल्लखांबही आहे. पण घाटावर गावोगाव जशी तालीम आणि तालमीतली लाल माती असते, तशी ती इथे नाही. इथे काय आहे? इथे खो-खो आहे. रत्नागिरीच्या मुलींनी महाराष्ट्राच्या खो-खो संघाला ऐश्वर्या सावंत, आरती कांबळे, अपेक्षा सुतार यांच्यासारख्या खेळाडू दिल्या. खो-खो खेळणाऱ्या पोरापोरींच्या पायात जी पहिल्या दोन पावलांची झेप असते, धावता धावता दिशा बदलण्याची आणि अचानक थांबून पुन्हा सुटण्याची जी सवय असते, ती कबड्डीच्या चढाईत सोन्याच्या मोलाची आहे. उतारावरच्या वाड्या, जांभ्याच्या पायऱ्या आणि घाट्या चढत-उतरत मोठी झालेली ही पोरे. त्यांचे अंग सहसा हलके असते, पाय मात्र चिवट असतात. त्यांच्या ताकदीचा विचार पायांपासून सुरू व्हायला हवा, आणि त्यासाठी नमुना चंदगडचा सिद्धार्थ नव्हे. तो नमुना अहिल्यानगरकडचा (पूर्वीचे अहमदनगर) अस्लम इनामदार आणि त्याचा पुणेरी पलटणमधला साथीदार पंकज मोहिते यांच्यात सापडतो.

अस्लमबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. हांगझोच्या आशियाई स्पर्धेतल्या, म्हणजे २०२३ मधल्या, भारताच्या सुवर्णपदक विजेत्या संघात तो होता. नाशिककडचा आकाश शिंदेही होता. त्यानंतरच्या दहाव्या हंगामात अस्लम पुणेरी पलटणचा कर्णधार होता आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. अस्लमला कोणी बाहुबली म्हणणार नाही. त्याचे अंग आखूड आणि कसलेले आहे. पण त्याची चढाई ताकदीचीच आहे. तो कमरेत वाकून, खांदा खाली ठेवून आत शिरतो आणि बचावाची साखळी जुळण्याच्या आधीच कोपरा आणि कव्हर यांच्या मधल्या फटीतून बाहेर पडतो. अंगावर हात पडतात, पण ते पूर्ण आवळले जाण्याआधी तो त्यांच्यातून निघालेला असतो. सिद्धार्थची ताकद पकड बसल्यानंतर सुरू होते. अस्लमची ताकद पकड बसत असतानाच्या त्या फटीत वापरली जाते. त्यासाठी वजन लागत नाही. नडगीपासून कमरेपर्यंतचा एकदम उसळणारा जोर लागतो आणि धक्का खाऊनही तोल न जाण्याइतके पोट-पाठ घट्ट लागते.

त्याच्या खेळातली दुसरी गोष्ट मला जास्त शिकण्यासारखी वाटते. अस्लम पकडीही करतो. चढाईपटूने पकड शिकावी हे आपल्याकडे फारसे कोणी मानत नाही. ‘तू चढाई कर, पकडी त्यांचे काम’ असे सरसकट सांगितले जाते. पण ज्याने शंभरदा दुसऱ्याचा घोटा धरला आहे त्यालाच कळते की घोटा धरणाऱ्याची नजर कधी खाली जाते आणि कधी वर येते. झटापटीतली ताकद ही निम्मी ओळखीची गोष्ट आहे. पंकज मोहितेचा नमुनाही याच जातीचा, फक्त अधिक स्फोटक. हरियाणाविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात त्याने एका चढाईत चार गुण आणले आणि सामन्याचे पारडे फिरले. उंचीचा फायदा नसलेल्या माणसाने खाली राहून आणि वेगाने घुसून एवढे गुण आणले, हे कोकणातल्या प्रत्येक साडेपाच फुटी पोराने पुनःपुन्हा पाहावे.

ओढून आणणारे आणि उसळून निघणारे, या दोन कुळांच्या बाहेर आणखी काही पद्धती आहेत. त्यांचा उल्लेख केल्याशिवाय आढावा पुरा होणार नाही, पण त्यांच्यावर फार थांबण्याचे कारण नाही. पवन सेहरावत बचावपटूंच्या डोक्यावरून उडी घेतो. हनुमान उडीचा त्याने शस्त्रासारखा वापर केला आणि २०१९ मध्ये एकाच सामन्यात चढाईचे ३९ गुण घेतले. ही ताकद आहेच, पण ती देणगीची आहे. अशी उडी सगळ्यांना शिकवता येत नाही. प्रदीप नरवालची डुबकी साखळीच्या खालून जाते. पाचव्या हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण केले त्यात या डुबकीचा मोठा वाटा होता. तिच्यात जोर लागतो त्याहून जास्त वेळ साधावी लागते. नवीन कुमार धावता हात टाकून झटापट होऊच देत नाही. मुंबईचा रिशांक देवाडिगा बोनस आणि पायाच्या बोटांवर खेळला. २०१८ च्या सुरुवातीला हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले तेव्हा तोच कर्णधार होता. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचा काशीलिंग आडके लाथ, उडी आणि हात यांचे मिश्रण करायचा. या सगळ्यांच्या शैली सुंदर आहेत. पण सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत, तिसऱ्या चढाईला, समोर सहा-सात गडी उभे असताना, बचाव पुढे येऊन अंगाला भिडतोच. तिथे अंगाला हात न लागू देण्याची कला संपते आणि झटापटीतच निकाल लागतो. म्हणून निसटण्यावरच जगणारा चढाईपटूही झटापटीत तगायला शिकलेला असला पाहिजे.

अलीकडचे सर्वांत ठळक नाव देवांक दलाल. अकराव्या हंगामात, २०२४ मध्ये, पाटणा पायरेट्सकडून त्याने चढाईचे ३०१ गुण घेतले. उंच, लांब हातांचा आणि तरीही पहिल्या पावलाला चपळ. त्याच्यात दोन्ही कुळे एकत्र आली आहेत असे मला वाटते. अशी पोरे वारंवार जन्मत नाहीत, त्यामुळे त्याला नमुना मानून निवडी करू नयेत.

आता मातीचा आणि मॅटचा प्रश्न. कोकणातली कबड्डी अजून मोठ्या प्रमाणात मातीवर होते. मैदान खणून, चाळून, पाणी मारून, चोपून तयार करतात. चार महिने तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात पावसाळ्यात ते नाहीसेच होते. मातीवर अनवाणी खेळणाऱ्याचा पाय थोडा घसरतो आणि तो घसरण्याचाही उपयोग करून घेतो. वळताना टाच फिरते, गुडघ्यावरचा ताण सुटतो. मॅटवर बूट घालून खेळताना पाय धरून राहतो. धक्का मारून निघण्यासाठी ते उत्तम आहे. पण घोटा पकडलेला असताना वरचे अंग वळले, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणजे मातीवर ओढण्याची शैली जास्त चालते आणि मॅटवर उसळून निघण्याची. मातीवर गुण मिळवणारा पोरगा मॅटवर गेल्यावर ‘याचा खेळ पडला’ म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा त्याचा खेळ पडलेला नसतो. त्याच्या पायाखालचे गणित बदललेले असते. राज्यस्तरावर आणि पुढे बहुतेक सगळे मॅटवरच आहे. मॅट महाग आणि ती अंथरायला छप्पर हवे. म्हणून तालुक्याला निदान एका शाळेच्या सभागृहात ती पावसाळाभर अंथरलेली राहील, एवढी सोय झाली तरी फरक पडेल. या जिल्ह्यात मैदानावरच्या पोरांची वानवा नाही. चिपळूणकडच्या वाघजाई, दसपटी यांसारख्या संघांनी जिल्ह्याचे नाव बाहेर नेले आहे. चिपळूण तालुक्यातलाच शुभम शिंदे प्रो कबड्डीत कोपरा सांभाळतो, म्हणजे कोकणातला पोरगा घाटावरच्या आणि हरियाणाच्या ताकदीच्या चढाईपटूंचे घोटे धरतो. पकडीत जे जमले ते चढाईत का जमू नये?

याला जे आड येते त्यात मी पहिला क्रमांक वयोगटाच्या निवडीला देईन. किशोर गट १६ वर्षांपर्यंतचा, कुमार गट २० वर्षांपर्यंतचा. या वयात एकाच वर्गातली दोन पोरे शरीराने दोन-तीन वर्षांच्या अंतरावर असू शकतात. ज्याला मिशी आधी फुटली, ज्याचे खांदे आधी भरले, तो त्या वयात सहज दोघांना ओढून आणतो. निवड समितीला तो दिसतो. त्याला ताकदीची चढाई येते असे ठरते. प्रत्यक्षात त्याला काहीच यावे लागलेले नसते, वयाने दिलेले अंगच काम करत असते. विसाव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात आणि त्याच्या हाती कौशल्य नसते. उलट जो उशिरा वाढला, त्याने त्या वर्षांत नजर, पाय आणि खाली राहणे शिकून घेतलेले असते, पण तोवर त्याला संघातून दोनदा वगळलेले असते आणि तो मुंबईला नोकरीला गेलेला असतो. कोकणाने असे किती गडी गमावले असतील याचा अंदाजही करवत नाही.

दुसरे आड येणारे वजन. वजनी गटात बसण्यासाठी पोरांना आदल्या दिवशी जेवण तोडायला लावणे, पाणी न देणे, अंगावर जाड कपडे घालून उन्हात पळवणे, हे प्रकार आपल्या राज्यात सर्रास होतात आणि सगळ्यांना ठाऊक आहेत. वाढत्या वयातल्या पोराच्या अंगातले पाणी काढून त्याला दुसऱ्या दिवशी झटापटीला उतरवणे म्हणजे त्याच्या स्नायूंतला जोरच काढून घेणे. ज्या ताकदीसाठी त्याला निवडले तीच तो वजनकाट्यावर ठेवून येतो. शिवाय त्याला पेटके येतात, चक्कर येते, पकड सोडवताना अंग आवळत नाही आणि सांधा सरकतो. यात कसलीही शिस्त नाही, पोराच्या प्रकृतीशी खेळ आहे.

दुखापतींच्या बाबतीत मोठ्या खेळाडूंची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. सिद्धार्थला खांद्याच्या दुखापतीने आठव्या हंगामात जवळपास पूर्ण बाहेर बसवले. ताणलेल्या हातावर पडत परत येणाऱ्या चढाईपटूचा खांदा हीच त्याची सर्वांत कमकुवत जागा असते. पवन नवव्या हंगामातल्या आपल्या पहिल्याच सामन्यात गुडघ्याने जायबंदी झाला. अस्लमलाही अकराव्या हंगामात गुडघ्याने मध्येच थांबवले. झटापटीवर खेळणाऱ्याला ही किंमत मोजावी लागते. पण ती कमी करता येते. तरुण चढाईपटूला पडायला शिकवणे, म्हणजे ताणलेल्या तळहातावर सगळे वजन न घेता हात, छाती, पोट असे एकापाठोपाठ टेकवत घसरणे, हे कुस्तीच्या आणि ज्युदोच्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतात. आपल्याकडे कबड्डीच्या पोराला ते कोणीच शिकवत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला गुडघ्याच्या वाटीखालचे हाड दुखते असे सांगितल्यावर ‘मुरगळले असेल’ म्हणून मैदानात ढकलू नये. वाढीच्या वयात तिथे ताण येतो आणि काही आठवड्यांच्या विश्रांतीने तो बहुधा जातो. न थांबल्यास वर्ष जाते.

मुलींच्या खेळाबद्दल एक गोष्ट मला नेहमी खटकते. महिलांचे मैदान १२ बाय ८ मीटरचे. निदान रेषा मध्यरेषेपासून तीन मीटरवर, बोनस रेषा चार मीटरवर. म्हणजे परतीचे अंतर पुरुषांपेक्षा पाऊण मीटरने कमी. हिशेबाने पाहिले तर झटापटीतून परतण्याला मुलींच्या मैदानात उलट जास्त वाव आहे. तरीही आपल्या मुलींना बोनस आणि बोटाने टिपण्यावर वाढवले जाते, ‘अंगाला हात लागला की संपले’ अशीच शिकवण असते. इराणच्या मुलींनी २०१८ मध्ये सुवर्ण नेले, त्यानंतर तरी ही शिकवण बदलायला हवी होती. खो-खोमुळे ज्या जिल्ह्यातल्या मुलींचे पाय असे तयार आहेत, त्या जिल्ह्याने मुलींच्या ताकदीच्या चढाईचा पहिला वर्ग सुरू केला तर मला आश्चर्य वाटणार नाही, आनंद वाटेल.

मग शिकवायचे काय? जोर, बैठका, सपाट्या हे आपल्या घरचेच आहे आणि ते चांगले आहे. पण बैठका पाचशे काढल्याने साखळीतून निघता येत नाही. पाचशे बैठकांनी दम वाढतो, झटापटीला एकदम उसळणारा जोर लागतो. सामन्यात मुख्य चढाईपटूला पंधरा-वीस चढाया कराव्या लागतात आणि त्यातली खरी झटापट काही क्षणांची असते. त्यामुळे थोड्या वेळा, पूर्ण जोराने, मध्ये पुरेशी विश्रांती देऊन करायचे व्यायाम हवेत. चढावर दहा-पंधरा मीटर सुसाट पळणे. ते कोकणात फुकट आहे. जोडीदाराला कमरेला धरायला लावून पाच मीटर खेचणे. एक पाय धरलेला असताना दुसऱ्या पायावर उड्या मारत मध्यरेषा गाठणे. आणि आठवड्यातून दोनदा निव्वळ कुस्ती, नावापुरती नव्हे, चांगल्या वस्तादाकडून. घाट चढून गेले की वस्ताद आहेत. खो-खोचे पाय आणि कुस्तीची कंबर एका पोरात आली, तर रत्नागिरीचा चढाईपटू कोणाचीही नक्कल न करता ताकदीचा होईल. माझा या गोष्टीवर पूर्ण विश्वास आहे.

आणखी एक छोटी, पण निर्णायक सुधारणा करता येईल. आपल्या गुणपत्रिकेत चढाईचे गुण, बोनस, पकडी, लोण एवढेच नोंदले जाते. कोणाच्या अंगाला किती वेळा हात लागला आणि त्यातून तो किती वेळा परतला, समोर सात गडी असताना किती वेळा आणि तीन असताना किती वेळा, याची नोंद कुठेच नसते. समोर तिघेच उरले असताना साखळी सहज जुळत नाही. तेव्हा ओढून आणलेले गुण आणि सात जणांतून ओढून आणलेले गुण एका मापाने मोजणे हा अन्याय आहे. जिल्हा निवड चाचणीत गुणलेखकाच्या शेजारी एक जाणता माणूस बसवून ही नोंद ठेवली, तर अंगापिंडावरून होणाऱ्या निवडी बऱ्याच अंशी थांबतील. खर्च एका वहीचा आहे.

तालुक्यातल्या मंडळांना, शाळांच्या क्रीडाशिक्षकांना आणि जिल्ह्याच्या निवड समितीला माझी एवढीच विनंती आहे: येत्या हंगामात ही नोंद सुरू करा, वजनकाट्यासाठी पोरांचे पाणी तोडणे बंद करा आणि ज्या सडसडीत पोराला आजवर फक्त ‘बोनस घे’ म्हणत आलात, त्याला एकदा कोपऱ्यापर्यंत जाऊन झटापटीतून परत यायला सांगा.